कुत्रं घेतलंय म्हणे… केवढं?

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर तुम्ही बऱ्याच दिवसांत मंचरच्या वर फिरकलेल्या दिसत नाही. घोडेगाव, शिनोली, डिंभे करत गाडी तळेघरात चहाला थांबली की पूर्वी कानावर काय पडायचं? आवणी उरकली का, बाळहिरड्याला यंदा काय भाव लागला, सकाळची यष्टी आली का वाटेतच बसली. आणि आता? "लॅब घ्यावा का बीगल?" हे विचारणारा कोण, तर ज्याच्या दावणीला दोन बैल, परड्यात चार शेळ्या आणि घरात एक म्हातारी नि तीन पोरं आहेत असा भला गृहस्थ. परवापर्यंत बीगल म्हणजे बिस्किटाचा पुडा असं सांगितलं असतं तरी त्यानं मान डोलावली असती!

"पोरांसाठी घ्यायचाय हो," असं तो हळूच सांगतो. सगळे असंच सांगतात. पोरांच्या नावावर या महाराष्ट्रात रंगीत टीव्ही आले, मोबाईल आले, आता कुत्री येताहेत. खुद्द पोरांना विचारलं तर त्यांना शेळीचं करडूही चालतं, फक्त ते शाळेत न्यायची परवानगी पाहिजे. पण विचारतो कोण!

हे वारं इथवर आलं कसं, तेही सांगते. श्रावणात सोमवारी आणि एरवी शनिवार-रविवारी भीमाशंकरच्या गाड्या इथूनच वर जातात. पूर्वी गाडीची काच खाली झाली की आतून "दर्शनाला रांग किती आहे हो?" असं यायचं. आता काच खाली होते आणि माणसाच्या आधी कुत्र्याचं तोंड बाहेर येतं. एका गाडीतून उतरलेलं प्रकरण तर सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं. शिह त्झू. वीतभर उंची, अंगात गुलाबी रेनकोट, कपाळावर केसांची शेंडी आणि शेंडीला रबरबँड. पावसाची झड लागलेली, समोरच्या खाचरात बाया इरली घेऊन चिखलात वाकलेल्या, आणि इकडे हे महाराज छत्रीखालून चाललेत. मालकीणबाई म्हणताहेत, "ब्रूनो, चिखलात नाही हं जायचं!" टपरीखालचं लाल गावठी कुत्रं उठलं, त्यानं ब्रूनोला पुढून हुंगलं, मागून हुंगलं, काही बोध झाला नाही म्हणून परत आपल्या पोत्यावर जाऊन पडलं. पोरांना मात्र भलताच बोध झाला. त्या रात्री बऱ्याच घरांत ताटावरून रुसवे-फुगवे झाले म्हणतात.

दोष एकट्या ब्रूनोला कशाला द्या? १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीनं क्रिकेटच्या सामन्यात पंचगिरी केली आणि गावोगाव पांढरी पामेरियन भुंकायला लागली. २००३च्या सुमाराला हचच्या जाहिरातीत तो सुरकुतल्या तोंडाचा पग एका पोराच्या मागे मागे चालत राहिला आणि लोकांना वाटलं, अगंबाई, असंच एक आपल्याही पोरामागे चालायला हवं. जाहिरातीत तो छान चालतो. घरी आणल्यावर कळतं की चपट्या नाकामुळे बिचाऱ्याला श्वास पुरत नाही, उन्हात चार पावलं टाकली की धाप लागते आणि रात्री घरातला कर्ता पुरुष घोरतो का पग, हे दिवा लावून बघावं लागतं. त्यानंतरची लाट हस्कीची. ते प्रकरण मात्र साधं नाही, त्यावर शेवटी येते.

खरी भानगड पुढे आहे. कुत्रं घ्यायचं ठरतं, नावसुद्धा ठरतं, आणि मग घरात तट पडतात : केवढं घ्यायचं?

बापाला मोठं हवं असतं. "दारात बसला की माणूस दहा पावलांवर थांबला पाहिजे." दाराला कडी नाही, आत चोरण्यासारखं काय तर भाताची कणगी, पण माणूस थांबला पाहिजे! मग तो फोनवर ग्रेट डेनची चित्रं काढतो. ग्रेट डेन म्हणजे ५० किलोच्या पुढचा ऐवज. मागच्या पायांवर उभा राहिला तर घरधन्याच्या टोपीवरून पलीकडचं शिवार बघेल. पडवीत तो आडवा झाला की म्हातारीची वाकळ अंगणात. बरं, एवढं करून सोबत किती, तर बहुतेक वेळा आठ-दहा वर्षं. अंगानं थोर असलेल्या जातींना आयुष्य थोडंच. एकजण तर रॉटवायलरवर अडून बसला होता. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवा म्हणून राज्यांना पत्र धाडलं, त्यात रॉटवायलरचं नाव होतं. ते वाचून गडी गप्प बसला. पुढे एप्रिलात दिल्ली उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, तसा हा पुन्हा उभा राहिला. घरात सहा महिन्यांचं तान्हं, बायको म्हणाली, "कोर्टानं सोडला असंल, मी न्हाय सोडायची."

आईचं गणित उलटं. "जेवढं कुत्रं तेवढी घाण, आन ती काढणार मी." इतकं शास्त्रशुद्ध विधान या साऱ्या चर्चेत दुसऱ्या कुणी केलेलं नाही. म्हणून तिचा कौल सहा-आठ किलोच्या पगला, नाहीतर तीन किलोच्या आतल्या चिवावाला. आजी दोन्ही तटांत नसते. ती चुलीपुढून एवढंच म्हणते, "दत्ताच्या पायाशी चार बसल्याती, एकाचं तरी कुणी वजन केलंय का?"

यावर उत्तर नसतं म्हणून मधला तोडगा निघतो : लेकरू लहान, तर कुत्रंही लहान. ऐकायला किती गोड! पण जरा डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांचं पोर, वजन पंधरा-सोळा किलो, अंगात माकडाची वस्ती. त्याच्या हाती दोन किलोचं पिल्लू दिलं. तो ते काखेत मारून ओट्यावर चढणार, वरून बहिणीला "झेल गं" म्हणणार. त्या पिल्लाच्या पायाची हाडं किती बारीक असतात, हे गुरांच्या डॉक्टरला विचारा. एवढ्याशा कुत्र्याला पळायला वाट सापडली नाही की त्याच्याजवळ एकच हत्यार उरतं, दात. मग "एवढंसं आहे पण केवढं खुनशी" म्हणून बदनामीही त्याचीच. तीन वर्षांचं मूल आणि खेळण्याएवढं कुत्रं यांची गाठ घालणं दोघांच्याही जिवावरचं आहे. पोर दहा-बारा वर्षांचं झालं, खाली बसून, मांडीवर घेऊन खेळवायला शिकलं, की त्याच छोट्या कुत्र्याचं छान जमतं.

मग लॅब घ्या, असं सगळे जाणते सांगतात. लॅब गुणाचा, यात वाद नाही. पोरं त्याच्या पाठीवर लोळतात, कान ओढतात, तो सोसतो. मात्र पूर्ण वाढलेला नर २९ ते ३६ किलोचा होतो, म्हणजे आपल्या चार वर्षांच्या चिरंजीवांच्या दुप्पट. पहिली दीड-दोन वर्षं हा अंगानं बाप्या आणि अकलेनं बाळ असतो. शेपूट हलवली की फळीवरचे चहाचे कप खाली. आनंदानं धावत आला की पोर उताणं. चावायचं मनातही नसतं त्याच्या, पण पोराच्या कपाळाला टेंगूळ यायचं ते येतंच. आणि "मी रोज फिरवीन, देवाशप्पथ" म्हणणाऱ्या कन्येच्या हाती साखळी दिली की कोण कुणाला फिरवतं हे सगळी आळी दारात येऊन बघते. एका घरी तर लॅबनं मुलीला थेट ओढ्यात नेलं. पाणी दिसलं की लॅबला राहवत नाही, मुळात मासेमारांच्या हाताखाली पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला तो. इथं तर चार महिने पाण्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही!

आता कान जरा जवळ आणा. रस्त्यावरचं भटकं कुत्रंच चावतं असं आपण धरून चालतो ना? लहान मुलांच्या बाबतीत तसं नाही हो. दवाखान्यात येणारी चिमुकली बरेचदा ओळखीच्या कुत्र्यानं चावलेली असतात. घरचं, नाहीतर शेजारचं. आणि चावा पायाला नसतो, तोंडावर, मानेवर असतो, कारण मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडासमोर येतं. झोपलेल्याला मिठी मारली, जेवणाऱ्याच्या थाळीत हात घातला, की झालं. तिथं पग काय, लॅब काय, आणि वीस वर्षं घराण्यात असलेली गावठी परंपरा काय, सगळे सारखे. पाचेक वर्षांच्या आतलं पोर आणि कुत्रं, दोघांनाच ठेवून बाई पाण्याला गेली, असं कोणत्याही मापाच्या कुत्र्याबाबत करायचं नसतं. दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक आरोग्य केंद्र गाठायचं. वर चुना-हळद-मिरची लावून बसणाऱ्या आत्याबाईंना आधी घराबाहेर काढायचं. जगात रेबीजनं जाणाऱ्यांपैकी ३६ टक्के माणसं आपल्या देशात जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात मात्र थट्टा नाही.

पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. हाच माणूस चाकणच्या बाजारात बैल घ्यायला जातो तेव्हा काय काय करतो! तोंड उघडून दात मोजतो, खूर उचलून बघतो, पाठीवरचे भोवरे शोधतो, चालवून बघतो, मारका आहे का म्हणून शिंगाजवळ हात नेतो, विकणाऱ्याच्या गावात याच्या आईची चौकशी करतो, आणि एवढं करूनही "पुढच्या बाजारी बघू" म्हणून चहा पिऊन परत येतो. आणि कुत्रं? रात्री साडेदहा वाजता फोनवर फोटो आला, कुणीतरी लिहिलं "हेवी बोन, डबल कोट, लास्ट पीस", की हा चांगल्या शेळ्यांची जोडी येईल एवढे पैसे पाठवून मोकळा! आई बघितली नाही, बाप बघितला नाही. अहो, वाढून केवढं होणार हे आई-बाप बघितल्याशिवाय कळणार कसं? तो पिल्लं विकणारा म्हणतो "टीकप पॉम, एवढंच राहणार". आठ महिन्यांनी ते टीकप चांगलं पातेल्याएवढं होऊन दारात उभं असतं. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७चा नियम आहे. इकडे मात्र डोळे नीट उघडलेत न उघडलेत तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यातून, यष्टीच्या टपावरून रवानगी. आईजवळ भावंडांत दोन महिने राहिलेलं पिल्लू किती जोरानं चावलं की समोरचा केकाटतो हे शिकून येतं. खोक्यातून आलेलं ते तुमच्या पोराच्या पोटरीवर शिकतं.

आणि ज्या पाहुण्याचं नाव रात्री घेत नाहीत, तो तर या हिशेबातच नसतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग, आणि या वनविभागाची ख्याती काय आहे हे मी सांगायला नको. खाली उसात बिबट्या, वर रानात बिबट्या, जायबंदी झालेल्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र. आपल्या महादेव कोळ्यांच्या गावांत वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, तो काय उगाच? बापाला वाटतं, मोठं कुत्रं आणलं की पोरं सुरक्षित. पण शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा हिशेब मांडला. वजनानं ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं निघालं, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के! शेळी नाही, वासरू नाही, कुत्रं पहिल्या नंबरावर. बिबट्या जातीचे पेपर मागत नाही, डबल कोट आहे का विचारत नाही. अंगणात साखळीला बांधलेला जर्मन शेफर्ड म्हणजे त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलेलं. तो रात्री येतो, मागून येतो आणि नरडं धरतो. तिथं ३५ किलोचं कुत्रं आणि ७ किलोचं कुत्रं यांत फरक एवढाच, की एकाला ओढून न्यायला जरा वेळ लागतो.

म्हणजे पोरांच्या रक्षणासाठी आणलेलं कुत्रं रात्री ओट्यावर बांधलं, तर ते बिबट्याला दारापर्यंत आणणार. कुत्रं भुंकून जागं करतं हे खरं, त्यासाठी तर शेतकरी ते पाळतो. पण सांज झाली की त्याला गोठ्यात नाहीतर घरात घ्यायचं आणि दार लावायचं. २०२५ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्यानं असा कहर केला की माणसांनी स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली. तिथल्या आयांना जाऊन कुणी विचारावं, कुत्रं केवढं असावं ते. कदाचित त्या म्हणतील, आधी दार केवढं मजबूत आहे ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, मग घ्यावं तरी काय? मी कोण सांगणारी! पण टपरीखालच्या त्या लाल कुत्र्याकडे एकदा नीट बघा. १५ ते २५ किलोंच्या मधलं अंग, म्हणजे पोरानं उचलून आपटता येणार नाही आणि पोराला आडवंही करणार नाही. केस आखूड, तासाभरात वाळतात. भीमाशंकरच्या रानाला टेकलेल्या या गावांत जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी येते, कपड्यांना कुबट वास येतो, तिथं हा आपला ठणठणीत. गोचीड त्यालाही लागते, गोचीडतापही होतो, पण औषधाच्या खर्चावर किमतीचा बोजा चढत नाही, कारण किंमत शून्य. खाणं काय, तर भाकरी, वरण, कधी मटणाची हाडं. कांदा आणि द्राक्षं तेवढी देऊ नका, दोन्ही कुत्र्याला बाधतात. खालच्या अंगाला मंचर बाजारात कांद्याचे ढीग आणि नारायणगावकडे द्राक्षांचे मांडव, त्यामुळे पाहुणे येताना हेच दोन्ही घेऊन येतात आणि पोरं लाडानं कुत्र्याच्या तोंडात कोंबतात. लस टोचायची, नसबंदी करायची, पिल्लापासून पोरांच्या पायांत वाढवायचं. इतकं सोपं.

पण याला घ्यायला कुणी तयार नाही! का, तर "त्याचा फोटो काय टाकायचा?" ऐका म्हणजे झालं! एका वहिनींनी मला स्पष्टच सांगितलं, "गावठी तर आमच्याकडं हायच की. कुत्रं न्हाय ना पण!"

आता ते हस्कीचं. सांगू का नको, असं झालंय, पण तुम्ही कुठं बोलणार नाही म्हणून सांगते. आपल्याकडच्या एका गुरुजींनी पोरांसाठी (अर्थात पोरांसाठीच!) सायबेरियन हस्की आणला. निळेशार डोळे, मानेवर आयाळ म्हणावी असे केस. सायबेरियाच्या बर्फात मैलोगणती गाडी ओढायची ज्याची जात, त्याला गुरुजींनी पडवीच्या खांबाला बांधला. आजीनं पहिल्या दिवशी विचारलं, "याला दिसतंय का रं? डोळं पांढरं कसं?" एप्रिलात तो गार जागेसाठी मोरीत जाऊन बसायचा, मग घरातल्यांच्या आंघोळी शेजारी. जुलैत त्याचा तो दुहेरी कोट ओला झाला तो वाळलाच नाही, कातडीला खाज सुटली, खाजवून खाजवून पठ्ठ्या अर्धा उरला. चावायचा नाही, पोरांशी गोड. पण अंगात पळण्याची एवढी रग, आणि फिरवणार कोण, तर गुरुजी, आळीपाळीनं दोन्ही गुडघे दुखणारे. मग तो रात्री ओरडायचा. भुंकायचा नाही हो, लांडग्यासारखा गळा काढायचा. आळीतल्या म्हाताऱ्यांनी देवाच्या नावानं तांदूळ बाजूला काढून ठेवले.

आणि ऑगस्टातल्या एका रात्री महाशय साखळीसकट गायब. सगळ्यांनी मनात म्हटलं, नेला वाघानं. गुरुजींच्या पोरांनी रडून गोंधळ घातला. सकाळी बघतात तर हा दारात हजर, चिखलानं माखलेला, अंगावर ओरखडा नाही, चेहऱ्यावर असा काही आनंद की गुरुजींनाही रागवायला सुचलं नाही.

इथवर सगळं ठीक. पण खालच्या आळीतली ती पिवळी गावठी कुत्री तुम्हाला माहीत असेल, हिरड्याच्या वखारीजवळ बसते ती. तिला ऑक्टोबरात पाच पिल्लं झाली. चार आईसारखी पिवळी, आणि पाचव्याच्या तोंडावर पांढरा पट्टा. दोन आठवड्यांनी डोळे उघडले, तर एक डोळा काळा आणि एक निळा! कुत्रीचे दिवस त्रेसष्ट. बायकांनी नळावर उभ्याउभ्या बोटांवर मागं मोजलं, आणि मोजणी कुठल्या रात्रीवर येऊन थांबली ते मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? गुरुजी म्हणतात, "आमचा त्या रात्री ओढ्याकाठी अडकला होता." असेल बाई. ओढा खालच्या आळीतूनच जातो.

त्या निळ्या डोळ्याच्या पिल्लासाठी तीन घरांनी शब्द टाकलाय. ज्यांना ग्रेट डेन हवा होता ते, ज्यांना पग हवा होता ते आणि "आमच्याकडं गावठी हायच की" म्हणणाऱ्या वहिनी. वाढून केवढं होणार, हे या खेपेला एकानंही विचारलेलं नाही. कुत्री जिच्या दारात राहते ती बाई मात्र पक्की निघाली. चौघं पिवळी फुकट न्या म्हणते, पाचव्याचे पैसे पडतील. कशाचे म्हणून विचारलं तर सांगते, "हस्की हाय ह्यो. बापाचे पेपर गुरुजींच्या कपाटात हायेत, त्यांनी कबूल करायची तेवढी खोटी."